गोबरा कुणाचा?

पत्र

ताई, वय ४३, बँकेत नोकरी, ठाण्यात घर, आजोळ मालवणचं. लहानपणी मामाबरोबर गरवायला जायचो, ते वेड अजून सुटलेलं नाही. आता रॉड-रीळ चांगली आहेत, सात-आठ जणांचा ग्रुप आहे, वर्षातून तीन-चार वेळा आम्ही कोकणात उतरतो. गेल्या मार्चमध्ये ओळखीच्या एकाची होडी घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या खडपांवर गेलो आणि आयुष्यातला सर्वांत मोठा मासा लागला. साडेअकरा किलोचा गोबरा! फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात मामेभावाचा फोन. तो तिथे स्कूबा डायव्हिंगचा गाईड आहे. म्हणाला, "दादा, तू माझो पगार काढून नेलंस." त्या कपारीतला तो गोबरा ते चार वर्षं पाहुण्यांना दाखवत होते म्हणे. तेव्हापासून बोलणं बंद. मे महिन्यात मामाकडे गेलो तर हा जेवणाच्या पानावरून उठून गेला. मामा मध्ये पडत नाही, एवढंच म्हणाला, "थंय कित्याक गेलंस?" (तिथे कशाला गेलास?)

ट्रॉलरवाले एका फेरीत टनाने पिल्लं ओढतात, एलईडीवाले रात्रभर समुद्र उजळून काढतात, त्यांना कुणी विचारत नाही. माझ्या एका गळाने साडेअकरा किलोंनी समुद्र रिकामा झाला का? आम्ही जाळं वापरत नाही, जून-जुलैत होडी काढत नाही. खाऊन उरलेलं एका हॉटेलला देतो, तेवढाच डिझेलचा खर्च निघतो. आता हौशी मच्छीमारांसाठी राखीव जागा मागणारं निवेदन आमच्या ग्रुपने तयार केलंय. समुद्र सगळ्यांचा नाही का? हौशी माणसाला काहीच हक्क नाही का? आणि भावाशी कसं बोलू? नाव छापू नका.

उत्तर

गळकरीबुवा (नाव छापायचं नाही, मग काहीतरी म्हणायला हवं),

भावाच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तुमच्या पत्रातला खरा हिशेब त्याच वाक्यात आहे. 'पगार' हा शब्द त्याने रागात वापरला, पण अगदी बरोबर वापरला. तुम्ही तो मासा एकदा काढलात, एकदा तोललात आणि तो संपला. त्याच्यासाठी तोच मासा पावसाळा सोडला तर रोज कामावर हजर असायचा. सकाळच्या फेरीतल्या पाहुण्यांनी पाहिला, दुपारच्यांनी पाहिला, आणि संध्याकाळी तो कपारीत जागच्या जागी. गोबरा आपली कपार सहसा सोडत नाही. म्हणून गाईडला तो हमखास दाखवता येतो आणि म्हणूनच गळालाही तो हमखास लागतो. तुमच्या दोघांचं नशीब माशाच्या एकाच सवयीवर चाललं होतं, फक्त भावाला ते माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं.

इथवर तुम्हाला दोष देत नाही. कपारीतला मासा कुणाच्या ओळखीचा आहे हे होडीवरून कळत नाही. पण मामांनी विचारलेलं "थंय कित्याक गेलंस?" हे तुम्ही पत्रात लिहिलंत आणि उत्तर न देता पुढच्या परिच्छेदात थेट ट्रॉलरवर गेलात. मी मामांच्या प्रश्नावरच थांबते.

किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे पाण्याखालचे खडक हा मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. अभयारण्य जाहीर झालं १३ एप्रिल १९८७ ला. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२. म्हणजे नवव्या हिश्शाच्या आसपास. तुम्ही ज्या खडपांचं वर्णन करता ती त्यातच येणार. अभयारण्यात परवानगीशिवाय वन्यजीव मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मासाही येतो. जाळं असो की साडेतीन हजारांची जिग (धातूचं नकली आमिष), कायदा साधन बघत नाही. तिथे ठसठशीत पाटी नसते, तुम्हाला कुणी अडवलं नाही, होडीवाला म्हणाला 'चला', हे सगळं मी मानते. अडवलं नाही याचा अर्थ परवानगी दिली असा बँकेत तरी तुम्ही काढत नसाल.

आणखी एक. गोबऱ्याच्या जाती पुष्कळ. त्यांतली सर्वांत मोठी, शेकडो किलोंपर्यंत वाढणारी जात कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तुमचा मासा त्या जातीचा होता असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण साडेअकरा किलोंचा गोबरा होडीत घेताना तो कोणता हे तुमच्यातल्या एकाने तरी पाहिलं का? फोटोच्या घाईत हे राहून जातं, आणि तुमचा छंद पकडला जाईल तो अशाच एखाद्या फोटोवरून.

आता हक्काचं. 'समुद्र सगळ्यांचा' हे वाक्य मला आवडतं, पण ते उच्चारायचा मान कुणाचा हे मालवणात जरा जपून ठरवावं लागतं. रापणीचंच घ्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं. किनारा सगळ्यांचा, पाणी सगळ्यांचं, तरी आज कुणाची रापण लागणार याची पाळी असते आणि पाळी मोडणाऱ्याला गाव सुनावतं. सगळ्यांचं असलेल्या गोष्टीला रांग लागतेच. त्या रांगेत हौशी माणूस कुठे उभा आहे, एवढाच काय तो तुमचा प्रश्न.

माझं मत सांगते, ते तुम्हाला कडू लागेल. तो शेवटी उभा आहे. रांगेबाहेर नाही, पण शेवटी.

का, तर या अभयारण्याची कहाणी बघा. १९८७ ला रेघ आखली गेली आणि ज्यांच्या होड्या त्या रेघेत रोज जातात त्यांना 'आता आपल्याला इथून हाकलणार' अशी धास्ती बसली. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाने, रापणकरांनी वर्षानुवर्षं विरोध केला. अभयारण्य म्हटलं की अजूनही काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. गंमत अशी की सागरी हद्द अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी, हे वाक्य कायद्यात आलं ते १९९१ च्या दुरुस्तीने, कलम २६ अ मध्ये. मालवणची रेघ आखून चार वर्षं झाल्यावर! ते वाक्य नीट वाचा. 'स्थानिक', 'मच्छीमार', 'व्यवसाय'. ठाण्याहून शुक्रवारी रात्री निघून रविवारी परतणारा माणूस या तीन शब्दांपैकी एकातही बसत नाही. मच्छीमार म्हणून ओढूनताणून बसवला तरी उरलेल्या दोहोंतून निसटतो. कायद्याने हौशी माणसाचा दुस्वास केलेला नाही, त्याचा विचारच केलेला नाही. आणि जे विचारात घेतले गेले त्यांचंही अजून पुरतं मिटलेलं नाही. अशा वेळी तुमच्या ग्रुपचं निवेदन कलेक्टर कचेरीत गेलं तर मालवणच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीला ते वाचून काय वाटेल, याची कल्पना करा.

ट्रॉलरकडे येऊ. तुमचा राग खोटा नाही. पर्ससीनला (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांना) आवर घालण्यासाठी शासनाचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ ला निघाला, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली, आणि तरी पारंपरिक मच्छीमार आजही त्याच तक्रारीसाठी किनाऱ्यावर उभे राहतात. पण हा राग तुमच्या मामांचा आहे. त्यांनी तो मोर्चात जाऊन, होडी बांधून ठेवून कमावला. तुम्ही तो आयता घेऊन स्वतःची ढाल केलीत. मोठ्या चोराकडे बोट दाखवलं की आपल्या खिशातलं आपलं होत नाही, हे तुम्हाला कळतं. म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

शिवाय 'माझ्या एका गळाने' हा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. अमेरिकेत सगळ्या किनाऱ्यांचे आकडे घेऊन हा प्रश्न तपासला गेला. २००२ साली समुद्रातून काढलेल्या एकूण माशांत हौशी लोकांचा वाटा भरला ४ टक्के. तुम्ही म्हणता तेच, नगण्य! पण ज्या जाती आधीच धोक्यात होत्या तेवढ्याच वेगळ्या काढल्या, तर तोच वाटा २३ टक्क्यांवर गेला. कारण उघड आहे. ट्रॉलर पेडवे, कोळंबी, जे येईल ते ओढतो. हौशी माणूस बांगड्यासाठी चारशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकत नाही. त्याला हवा असतो फोटोत मावणार नाही असा मासा. म्हणजे तुमचा गळ लहान असला तरी तो सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत थोड्या उरलेल्या माशांवरच जाऊन बसतो. आपल्याकडे असे आकडे कुणी मांडलेले मी पाहिले नाहीत. पण तुमच्या ग्रुपचे फोटो काढून बघा, त्यात किती सौंदाळे आहेत?

मोठा मासा काढण्यात काय बिघडतं, त्याने आपलं आयुष्य जगून झालेलं असतं, असा एक समज गरवणाऱ्यांत फार आहे. माझा भाऊसुद्धा असंच म्हणायचा. आमचं घर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी. आजी ओहोटीला कालवं काढायची, भाऊ बांधावर बसून गरवायचा, मी दोघांचं सामान सांभाळायची. त्याला एकदा हातभर चोणक लागला. (तुम्ही ठाणेकर जिताडा म्हणाल.) पोट फाडलं तर आत अंड्यांच्या दोन पिवळ्या गाभोळ्या. आजीने तव्यावर परतल्या, आम्ही बोटं चाटत खाल्ल्या. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की चोणक जन्माला येतो नर म्हणून आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठा चोणक हा जवळपास नेहमी मादीच. आणि माशांत मादी जेवढी मोठी तेवढी अंडी कितीतरी पटींनी जास्त. लहान दहा माद्या मिळून एका मोठीची बरोबरी होईलच असं नाही. गोबऱ्याचं बरोबर उलट. तो आधी मादी असतो आणि वय झाल्यावर त्यांतले काही नर होतात. खडपावरचा सर्वांत मोठा गोबरा काढलात तर बहुधा त्या खडपावरचा नरच काढलात. दुसरा तयार व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचा ग्रुप येतो.

चोणकाचं निघालंच आहे तर सांगते. तुम्ही जून-जुलैत होडी काढत नाही हे छानच. पण १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना आहे, काठावर रॉड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत चोणक अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येतो. हौशी लोकांच्या व्हिडिओंत पावसाळ्याच्या तोंडावर 'मॉन्स्टर चोणक' दिसतात ते याचमुळे. कायद्याने मोकळीक आहे, खरं. माझ्या आजीला कायदा माहीत नव्हता, पण नारळी पौर्णिमेआधी दर्यावर हक्क सांगायचा नसतो एवढं माहीत होतं. गाभोळीच्या बाबतीत मात्र तिचं तत्त्व थोडं ढिलं पडायचं, हेही कबूल करते.

एवढं बोलले म्हणून तुम्ही असं समजू नका की मी सगळा समुद्र कुलपात घालायला निघाले आहे. जेटीवर पाय सोडून बसलेल्या पोराची गरी जप्त करणारं संवर्धन मला नको. ज्यांनी लहानपणी गळाला थरथर जाणवून घेतली आहे, तेच पुढे खाडीत सांडपाणी सोडलं तर ओरडतात. तुमच्यासारख्या माणसांना समुद्रापासून तोडून समुद्राचं भलं होईल असं मला वाटत नाही. फक्त तो गाभा तेवढा सोडा. आणि तो सोडण्यात तुमचाच फायदा कसा, त्याची एक खरी गोष्ट ऐका. ती सांगितली की गरवणाऱ्यांचे डोळे चमकतात, मी पाहिलं आहे.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर केप कनॅव्हरल आहे, जिथून रॉकेटं उडतात. सुरक्षेसाठी म्हणून १९६२ साली तिथल्या खाडीसारख्या उथळ पाण्याचा काही भाग लोकांना बंद केला. माशांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे हौशी मासेमारीच्या जागतिक विक्रमांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कुणी, किती किलोचा, कुठे पकडला, असल्या. त्यात काय दिसावं? रेड ड्रम, ब्लॅक ड्रम, स्पॉटेड सीट्राउट या माशांचे विक्रमी नग त्या बंद पाण्याच्या आसपासच्या पट्ट्यात गोळा झालेले. बंद कुंपणाच्या आत मासे म्हातारे होत होते, आणि त्यांतले काही कुंपण ओलांडून बाहेरच्या गळांना लागत होते. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. बंद पाण्याचं सर्वांत मोठं बक्षीस मिळालं ते बाहेर रॉड घेऊन उभ्या असलेल्या तुमच्यासारख्यांना, आणि तेही कुणी न ठरवता.

ऑस्ट्रेलियाने हेच ठरवून केलं. ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानात पूर्ण बंद क्षेत्र ५ टक्क्यांहूनही कमी होतं, ते १ जुलै २००४ ला ३३ टक्क्यांवर नेलं. हौशी मच्छीमार भयंकर चिडले, आणि तिथे त्यांची मतं मोजावी लागतात. पण नकाशावर सगळंच हिरवं, म्हणजे पूर्ण बंद, नाही. पिवळ्या रंगाचे पट्टे आहेत, तिथे माणशी एक दोरी आणि एक गळ चालतो. हौशी माणसाला जागा मिळाली, ती मोजूनमापून. पुढे केपेल बेटांजवळ माशांच्या पिल्लांची जनुकीय तपासणी करून आई-बाप शोधले, तेव्हा बंद प्रवाळ खडक फक्त २८ टक्के असून आसपासच्या पिल्लांपैकी जवळपास निम्मी त्याच खडकांवरच्या माशांची निघाली. आपल्याकडे असं झालं तर किल्ल्यामागच्या गोबऱ्याची पोरं तारकर्ली-देवबागकडच्या, अभयारण्याबाहेरच्या खडकांवर तुम्हाला भेटतील. त्यासाठी किल्ल्यामागचा गोबरा तिथेच असायला हवा.

आता हॉटेलकडे. तुम्ही ते वाक्य किती सहज लिहून गेलात! 'खाऊन उरलेलं देतो, तेवढाच डिझेलचा खर्च निघतो.' गळकरीबुवा, ज्या क्षणी मासा पैशाला दिला त्या क्षणी छंद संपला. परवाना काढून, सोसायटीत नाव घालून, बाजारात बसून जी बाई तोच मासा विकते, तिच्या टोपलीशेजारी तुम्ही बिनपरवान्याची टोपली मांडलीत. वर पगार बँकेचा. तुमच्या पत्रातली गाभ्यात गरवण्याची चूक अजाणता झाली असेल, ही नाही. हे आजपासून बंद करा. उरतो एवढा मासा मुळात काढायचा कशाला, हा प्रश्न त्यातून आपोआप सुटतो. खर्च निघत नसेल तर छंद महाग आहे, आणि महाग छंद पुष्कळ असतात. लोक गोल्फ खेळतातच की.

निवेदनाचं सांगते. फाडू नका, पण पहिलं पान बदला. आत्ता त्यात 'आम्हाला जागा द्या' असणार. त्याऐवजी तुम्ही स्वतःवर कोणती बंधनं घ्यायला तयार आहात ते आधी लिहा : गाभ्यात जाणार नाही, माणशी दिवसाला अमुकच मासे, विक्री नाही, मोठे गोबरे आणि मोठे चोणक परत सोडणार, पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी गळ टाकणार नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. तो नियम बाजारातल्या मासेमारीसाठी आला, पण तुम्ही मोजपट्टी घेऊन तो पाळलात तर कुणी हरकत घेणार नाही. वरची मर्यादा आपल्याकडे नाही, ती तुम्हीच घाला. क्वीन्सलँडमध्ये चोणकाच्याच जातीचा मासा ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि समुद्रात १२० पेक्षा मोठाही नाही. मधले खा, बाळं आणि आज्या सोडा, असा साधा नियम आहे. मग हे निवेदन कलेक्टरकडे नेण्याआधी मालवणच्या मच्छीमार सोसायटीत न्या आणि सह्या मागा. त्यांनी चार अटी वाढवल्या तर वाढवू द्या. त्यांच्या सह्या नसलेलं निवेदन वन विभागाकडे गेलं तर ते तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणूनच फाइलला लागेल. आणि हो, होडी पर्यटक नेण्यासाठी मेरीटाईम बोर्डाच्या परवान्याची असू द्या. मासेमारीच्या होडीत आठ ठाणेकर बसवून नेणारा ओळखीचा माणूस अडचणीत आला तर तो तुमच्यामुळे येईल.

'पकडा आणि सोडा'चं खूळ आता तुमच्यातही आलं असेल. चांगलं आहे, पण त्यात एक फसवणूक आहे ती टाळा. खोल पाण्यातला गोबरा भरकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडात येतं. असा मासा पाण्यावर सोडला तर तो बुडतच नाही, उताणा तरंगत राहतो आणि घार येऊन घेऊन जाते. व्हिडिओ मात्र 'सोडला' म्हणून संपलेला असतो. खोलातून काढलेल्या माशाला वजन लावून परत खोलीवर नेऊन सोडावं लागतं. ते सामान नसेल तर खोल खडपावर गोबऱ्यासाठी गळ टाकूच नये. गळाच्या टोकामागची उलटी अणी पकडीने चेपून टाका, हात ओले केल्याशिवाय माशाला धरू नका, आणि खडपात अडकलेली नायलॉनची दोरी कापून 'गेली' म्हणू नका. ती कुठेच जात नाही, तिथेच कासव अडकवत बसते. तुमचा भाऊ आठवड्याला अशा किती दोऱ्या पाण्याखालून सोडवून आणतो, एकदा विचारा. बोलायला लागला की.

आणि तो बोलेल कसा, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

फोनवर माफी मागू नका. माशाचे पैसे देऊ करू नका, तो अपमान ठरेल. घरच्या ग्रुपवरचा फोटो आधी काढून टाका आणि तुमच्या गरवणाऱ्या ग्रुपवर त्या जागेचा ठावठिकाणा गेला असेल तर तोही पुसा. एका माणसाला मोठा गोबरा लागल्याची बातमी पसरली की पुढच्या तीन शनिवारी त्या खडपावर पाच होड्या दिसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शक्य असेल तर ग्रुपवर स्वतःच लिहा की ती जागा अभयारण्यात येते, मी चुकलो, तिथे कुणी जाऊ नका. हे भावापर्यंत आपोआप पोचेल. मालवणात बातमीला भरती-ओहोटी नसते.

मग नारळी पौर्णिमेला जा. त्या दिवसांत डायव्हिंग सुरू झालेलं नसतं, भावाला सवड असते. संध्याकाळी बंदरावर सगळा गाव लोटतो, घरात पाहुणे असतात, त्यामुळे पानावरून उठून जाणं त्यालाही अवघड जाईल. नारळ अर्पण करायला मामांबरोबर जा, भावाच्या शेजारी उभे राहा. चुकलो म्हणायचं ते एकदाच म्हणा आणि ट्रॉलरचा 'ट' काढू नका. ऑक्टोबरात पाणी निवळलं की त्याच्याबरोबर त्या खडपावर डाइव्ह मारायला येतो म्हणून सांगा, आणि फी पूर्ण भरा, दादा म्हणून सूट घेऊ नका. तुम्ही वरून पाहिलेलं ते खडप आतून कसं आहे हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. कपार रिकामी असेल, तीही त्याच्याबरोबर बघा.

रॉड ठाण्यातच ठेवून जा. आणि साडेअकरा किलो हा आकडा तुम्ही मला सांगितलात तो सांगितलात, मालवणात कुणाला सांगू नका. भावाने त्या माशाला चार वर्षांत कधी तोललेलं नाही.